गावच्या इतिहास संग्रहालयात काम करायचंय? पहिल्या दिवसापासूनची वाट

नाशिक जिल्ह्यात इतिहासाला तोटा नाही. त्रिरश्मी लेणी, सिन्नरचं गोंदेश्वर, शहरातला सरकारवाडा यांच्याकडे बघायला पुरातत्त्व खाती आहेत. पण या जिल्ह्याचा कितीतरी इतिहास अजून घराघरांत पडून आहे. माळ्यावर, फडताळात, जुन्या ट्रंकेत. मोडी लिपीतले जुने दस्त, दुकानाच्या वह्या, नाव घातलेली भांडी, शाळेचे ग्रुप फोटो. तो सांभाळायचं काम तालुक्याच्या गावांतली छोटी इतिहास मंडळं करतात. दोन खोल्या, चार कपाटं, निवृत्त शिक्षक असलेले चिटणीस आणि रविवारी सकाळी उघडणारं दार, एवढाच बहुतेक ठिकाणी संसार.

अशाच एका मंडळात मी बरीच वर्षं काम करते आहे. नवी मंडळी उत्साहानं येतात आणि दोन-तीन महिन्यांत दिसेनाशी होतात. आवड कमी पडते असं मला वाटत नाही. काय करायचं, कशाला हात लावायचा, कशाला नाही, हे त्यांना कुणी बसवून सांगत नाही, म्हणून ती गळतात. ते सगळं इथे क्रमानं सांगते.

त्याआधी एक गोष्ट. १९०६ साली सिन्नर तालुक्यात जोगळटेंभीला, दारणा-गोदावरीच्या संगमापाशी, चांदीच्या तेरा हजारांहून जास्त नाण्यांचा साठा सापडला. नाणी क्षहरात घराण्यातल्या राजा नहपानाची. पण त्यातल्या नऊ हजारांवर नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं पुन्हा स्वतःचा छाप मारलेला होता. गौतमीपुत्रानं नहपानाचा पाडाव केला, याचा इतका ठसठशीत पुरावा दुसरीकडे मिळणं अवघड. आता कल्पना करा, ती नाणी सुटी सुटी सोनारांकडे गेली असती तर? चांदी तेवढीच भरली असती, इतिहास मात्र वितळून गेला असता. कुठे सापडलं, कशाबरोबर सापडलं, कुणाकडून आलं, ही माहिती वस्तूइतकीच मोलाची असते. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीसाठी आहेत.

१. आधी पाहुणे म्हणून फिरा

मंडळात नाव घालण्यापूर्वी जिल्ह्यातली तीन ठिकाणं बघून या. सराफ बाजाराजवळचा सरकारवाडा, पेशवेकालीन वास्तू आणि राज्य पुरातत्त्व विभागाचं संग्रहालय, दोन्ही एकाच फेरीत होतं. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय, म्हणजे आपलं ‘सावाना’, १८४० सालचं. तिथला जुना संग्रह बघितला की लोकांनी चालवलेली संस्था किती टिकू शकते ते कळतं. तिसरं ठिकाण त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीचं नाणेशास्त्र संशोधन संस्थेचं नाणे संग्रहालय. ही संस्था १९८० सालची. एकेक नाणं कसं मांडायचं, त्याच्याखाली चार ओळींत काय लिहायचं, हे शिकायला तिथलं एक दालन पुरतं. जाण्याआधी वेळ आणि सुट्टीचा वार फोन करून विचारा.

बघताना वस्तूंबरोबर त्यांच्याखालच्या चिठ्ठ्याही वाचा. कोणती चिठ्ठी वाचून वस्तू कळली आणि कोणती वाचून काहीच कळलं नाही, हे वहीत टिपून ठेवा. उद्या तुम्हालाच तशा चिठ्ठ्या लिहायच्या आहेत.

२. मंडळ पारखून घ्या

तुमच्या गावातल्या मंडळात जाऊन चिटणिसांना भेटा आणि आदरानं, पण स्पष्ट, तीन प्रश्न विचारा. संस्था नोंदणीकृत आहे का? संग्रहाची दाखल-नोंदवही, म्हणजे आलेली प्रत्येक वस्तू चढवायची वही, आहे का? वस्तू देणाऱ्याला दानपत्र दिलं जातं का?

नोंदणी असेल आणि वही नसेल, तरी नाउमेद होऊ नका. वही सुरू करणं हेच तुमचं पहिलं काम ठरेल, आणि त्याइतकं मोठं काम दुसरं नाही. नोंदणीच नसेल तर मात्र लोकांकडून वस्तू स्वीकारण्याच्या भानगडीत पडू नका. उद्या पदाधिकारी बदलले, वाद झाले, तर वस्तू कुणाची हे ठरवायला कागद राहत नाही. अशा वादात गावातल्या वस्तू कुठच्या कुठे जातात.

सोबत न्यायची कागदपत्रं:

- साध्या कागदावर अर्ज (कोणत्या वारी किती वेळ देऊ शकता ते लिहा)
- आधार कार्डाची प्रत आणि दोन फोटो
- वय अठराच्या आत असेल तर आई-वडिलांचं संमतीपत्र
- सभासद वर्गणी आणि तिची पावती. पावती मागून घ्या

वेळ सांगताना हात राखून सांगा. “रोज येईन” म्हणणाऱ्यापेक्षा महिन्यातून दोन रविवार न चुकता येणारा माणूस मंडळाला जास्त उपयोगी पडतो.

३. स्वतःची पिशवी तयार करा

मंडळाकडे सगळं साहित्य असेलच असं नाही. माझ्या पिशवीत असतं ते असं: मऊ शिशाच्या पेन्सिली, खोडरबर, दोनशे पानी वही, कापडी टेप आणि सहा इंची पट्टी, मऊ केसांचा रुंद ब्रश, धुतलेल्या मांजरपाटाचे तुकडे, सुती हातमोजे, मास्क, पांढरा सुती दोरा आणि जाड कागदाच्या चिठ्ठ्या. मांजरपाट दोन-तीनदा धुऊन खळ काढलेला हवा. खळीला कसर लागते.

पेन पिशवीत ठेवू नका. जुन्या कागदाशेजारी शाईचं पेन उघडायचं नाही, हा नियम अपवादाशिवाय पाळायचा.

४. हात लावण्याचे नियम

नवे लोक सर्वांत जास्त नुकसान प्रेमापोटी करतात. वस्तू कळकट दिसली की ती घासायला घेतात. चिंच, राख, लिंबू, पितांबरी, जे हाताशी येईल ते. घरच्या तांब्याला ते ठीक आहे. संग्रहालयातल्या तांब्या-पितळेवरचा काळपट थर हा त्या वस्तूच्या वयाचा भाग असतो, आणि घासण्यात कोरलेलं नाव पुसट होतं. कोरड्या ब्रशनं धूळ झटका, मांजरपाटानं टिपा, तिथे थांबा.

कागदाला हातमोजे घालू नका. मोज्यांत बोटांना कागदाचा अंदाज येत नाही आणि कडा फाटते. हात साबणानं धुवा, पूर्ण कोरडे करा, मग हात लावा. धातूला आणि फोटोंना मात्र मोजे हवेत, कारण घामाचे डाग राहतात. फोटो कडेनं धरायचा. जुना कागद उलगडण्याआधी पंखा बंद करा.

फाटलेल्या कागदाला चिकटपट्टी लावायची नाही आणि लॅमिनेशन तर अजिबात नाही. चिकटपट्टी काही वर्षांत पिवळी पडते आणि कागद घेऊनच निघते. लॅमिनेशन केलेला दस्त परत सोडवता येत नाही. “टिकावं म्हणून केलं” असं म्हणून लोक लॅमिनेट केलेल्या सनदा घेऊन येतात तेव्हा फार वाईट वाटतं.

येवल्याकडच्या पैठण्या येतात. त्यांची घडी जिथे पडते तिथे जरीची तार तुटते. शक्य असेल तर मांजरपाट गुंडाळलेल्या नळीवर पैठणी गुंडाळून ठेवा. नाहीतर घडी बदलत राहा आणि घडीत मांजरपाटाच्या वळकट्या घाला. डांबराच्या गोळ्या कापडाला किंवा कागदाला टेकू देऊ नका. कडुलिंबाचा पाला ठेवायचा तर पुरता वाळवून, मलमलच्या पुरचुंडीत.

५. नोंद कशी करायची

या पायरीवर सावकाश चला.

आमच्याकडे एक आजी पितळेचं गंगाळ देऊन टाकायला आल्या. काठावर ठोकून नाव घातलेलं होतं, खाली शके आणि गाव. नाव त्यांच्या घरातल्या कुणाचं वाटेना.

“आजी, हे तुमच्याच घरचं ना?”

“घरचंच की. पण नाव सासूबाईंच्या माहेरचं आहे बघ. लग्नात आलं होतं त्यांच्या. नरक चतुर्दशीला पहिली आंघोळ यातल्याच पाण्याची असायची.”

चार वाक्यांत दोन घराण्यांचं नातं, लग्नात काय दिलं जाई ते, आणि न्हाणीघरातली एक रीत. हे गंगाळावर कुठेही लिहिलेलं नाही. आजी दारातून बाहेर पडण्याआधी ते वहीत उतरलं नसतं तर पुन्हा कधीच मिळालं नसतं. म्हणून देणाऱ्या माणसाला चहा देऊन बसवा आणि त्याच्यासमोरच लिहा.

नोंदीत एवढं हवंच:

- दाखल क्रमांक: वर्ष आणि अनुक्रम, उदाहरणार्थ २०२५/१४. एकदा दिलेला क्रमांक दुसऱ्या वस्तूला कधीही द्यायचा नाही
- वस्तूचं घरातलं नाव. गंगाळ असेल तर गंगाळ लिहा, ‘धातूचे भांडे’ लिहू नका
- मापं, वजन, कशाची केलेली
- वस्तूवरचा मजकूर जसाच्या तसा. शुद्धलेखन सुधारू नका
- कुणाकडून, कोणत्या तारखेला, कोणत्या गावाहून
- देणाऱ्यानं सांगितलेली हकिकत, शक्यतो त्याच्याच शब्दांत
- आत्ताची अवस्था: पोचा, चीर, डाग, डाख देऊन जोडल्याच्या खुणा
- कुठे ठेवली: खोली, कपाट, कप्पा

मग वस्तूवर क्रमांक. भांड्याला सुती दोऱ्यानं चिठ्ठी बांधा. कागदावर मागच्या बाजूला खालच्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलीनं, दाब न देता. कापडाला पट्टीवर क्रमांक लिहून ती पट्टी दोन सैल टाक्यांनी. वस्तूवर थेट मार्कर किंवा स्टिकर कधीच नाही.

दानपत्राच्या दोन प्रती करा, दोन्हींवर दोघांच्या सह्या घ्या, एक प्रत देणाऱ्याला द्या. “आमचं गंगाळ कायम समोर मांडून ठेवा” अशी अट घालायला लोक बघतात. जागा तेवढी नसते, म्हणून अशी अट नम्रपणे नाकारा. “थोडे दिवस ठेवा, मग नेऊ” म्हणत दिलेली वस्तू दान म्हणून चढवू नका. तिच्यासाठी वेगळी वही आणि परतीची तारीख हवी.

फोटो खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात काढा, फ्लॅश बंद ठेवून, शेजारी पट्टी आणि क्रमांकाची चिठ्ठी मांडून. फाईलला नाव तोच दाखल क्रमांक. आणि नोंदवहीच्या पानांचे फोटो दोन वेगवेगळ्या घरांत राहू द्या.

६. मोडी कागद आणि तारखांचा गुंता

जिल्ह्यात जुन्या घरांतून मोडी कागद अजूनही निघतात. रुमालात बांधलेले असतील तर ते ज्या क्रमानं आहेत तो क्रम मोडू नका. एका बांधणीत काय काय एकत्र होतं, हाही पुरावाच आहे. आधी प्रत्येक कागदाचा फोटो, मग क्रमांक, वाचन शेवटी.

मोडी शिकण्यासाठी राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाचे प्रशिक्षण वर्ग भरतात, त्यांच्यावर लक्ष ठेवा. तोवर निदान तारीख ओळखायला शिका:

- शकाच्या आकड्यात ७८ मिळवले की इसवी सन
- फसली सनात (जुनं महसुली वर्ष) ५९०
- सुहूर सनात (मराठी कागदांतली अरबी वर्षगणना) ५९९

तिन्ही वर्षं जानेवारीला सुरू होत नाहीत, म्हणून महिना बघून एखाद्या वर्षाचा फरक धरावा लागतो. सुहूर सन तर बहुधा अरबी शब्दांत लिहिलेला असतो, आणि नवा माणूस तिथेच अडतो. ‘सलास सबैन मया व अलफ’ म्हणजे तीन, सत्तर, शंभर आणि हजार: ११७३. त्यात ५९९ मिळवले की १७७२. हे वर्ष मृगाला सुरू होतं, तेव्हा कागद १७७२ च्या पावसाळ्यापासून १७७३ च्या उन्हाळ्यापर्यंतचा. अशी एक तारीख स्वतः सोडवली की मोडीची भीती निम्मी जाते.

वाचता न आलेल्या शब्दाच्या जागी अंदाजानं काही भरू नका. कंसात प्रश्नचिन्ह ठेवा आणि पुढे जा. जमिनीच्या वादात कुणी “एवढं वाचून लेखी द्या” म्हणून आलं, तर ते काम मंडळाचं नाही, हे तिथल्या तिथे सांगा.

७. म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी

वस्तूंना वेळ आहे, माणसांना नाही. सिन्नरच्या विडी कारखान्यात काम केलेल्या बायका, येवल्याचे विणकर, गावात वीज येण्याआधीचा काळ पाहिलेले लोक यांच्याशी आधी बोला.

“पूर कसा होता हो काका?” असं विचारलं तर “लई मोठा होता” एवढंच उत्तर येतं. १९६९ च्या गोदावरीच्या पुराबद्दल विचारायचं तर असं विचारा: दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी होतं? नारोशंकराच्या देवळातल्या घंटेबद्दल काय बोलत होते लोक? घरातलं पहिलं काय वर नेलं? रात्र कुठे काढली? नाशिकचा माणूस पूर गोदापात्रातल्या या मारुतीवरूनच मोजतो, त्यामुळे अशा प्रश्नांना नेमकं उत्तर मिळतं आणि ते दुसऱ्याच्या सांगण्याशी ताडूनही बघता येतं.

रेकॉर्डिंग करण्याआधी परवानगी घ्या आणि ती परवानगी रेकॉर्डिंगमध्येच बोलून घ्या: नाव, गाव, तारीख, आणि हे मंडळात ठेवायला हरकत नाही एवढं. मधेच थांबले तर तुम्ही बोलून जागा भरू नका. पुष्कळदा त्या थांबण्यानंतरच खरी गोष्ट येते. घरातली भांडणं, वाटण्या, कुणाची बदनामी होईल असं काही आलं तर तो भाग लोकांसमोर आणायचा नाही, हे आधीच कबूल करा आणि पाळा.

८. शिवारात गेलात तर

गावाच्या वेशीवर, ओढ्याकाठी, मारुतीच्या पाराशी वीरगळ आणि सतीशिळा, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या आणि सती गेलेल्या बायकांच्या स्मरणशिळा, उभ्या असतात. त्या उचलून मंडळात आणू नका. जागेवरच फोटो, मापं, दिशा, आणि गावकरी त्या दगडाला काय म्हणतात ते. सकाळी किंवा उतरत्या उन्हात तिरपा उजेड पडतो तेव्हा झिजलेली चित्रं स्पष्ट दिसतात. अक्षरं दिसावीत म्हणून चुना, खडू, पीठ भरणं किंवा तारेच्या ब्रशनं शेंदूर खरवडणं पूर्णपणे वर्ज्य. लोक पूजा करत असतील तर आधी गावातल्या जाणत्या माणसाला विचारा.

कायद्याच्या तीन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत पुरलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं धन सापडलं तर ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. शेतकऱ्याला घेऊन तहसील कार्यालयात जा, नाणी स्वतःकडे ठेवून घेऊ नका. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांहून जुन्या वस्तू येतात, ऐतिहासिक मोलाच्या हस्तलिखितांना ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे. मूर्ती, लघुचित्रं, सचित्र पोथ्या यांसारख्या वस्तूंची नोंदणी अधिकाऱ्याकडे करावी लागते. आणि केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरच्या आत बांधकाम वा खोदकामाला बंदी आहे, त्यापुढच्या दोनशे मीटरवर नियंत्रण.

कुणी स्वस्तात मूर्ती विकायला आणली तर घेऊ नका, भले ती सुंदर असो. ती कोणत्या देवळातून निघाली हे तुम्हाला कळणार नाही, आणि मंडळानं घेतली की पुढच्या चोरीला गिऱ्हाईक तयार होतं.

९. पाहुण्यांना दाखवताना

पंधरा मिनिटांत सहा-सात वस्तू पुरे. ‘असं सांगतात’ आणि ‘असं लिहिलेलं आहे’ यांतला फरक प्रत्येक वेळी बोलून दाखवा. पांडवलेणी हे त्रिरश्मी लेण्यांना लोकांनी दिलेलं नाव आहे, ते जरूर सांगा. लगेच पुढे सांगा की तिथल्या तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिचा लेख आहे, नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या १९ व्या वर्षातला, आणि दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदाताच्या दानाचे लेख आहेत. शाळेच्या मुलांना हे दोन्ही कळतं, आवडतंही. जोगळटेंभीची नाणी आधी सांगून मग लेण्यातली ही दोन घराणी सांगितली, तर मुलं आपणहून विचारतात, “म्हणजे हेच का ते?”

१८ एप्रिल जागतिक वारसा दिन, १८ मे संग्रहालय दिन आणि १९ ते २५ नोव्हेंबर वारसा सप्ताह. या तारखांना शाळा आणि पाहुणे येतात, माणसं कमी पडतात. तेव्हा मदतीला उभं राहणं ही ओळख वाढवायची चांगली संधी असते.

कधी जायचं?

मे महिना उत्तम. मृगाच्या आधी कौलं आणि गळती बघणं, खालच्या कप्प्यांतल्या पेट्या वर चढवणं, भिंतीला टेकलेली कपाटं वीतभर पुढे ओढणं, वाळवीचा माग काढणं, अशी दरवर्षीची कामं तेव्हाच निघतात. इगतपुरी-त्र्यंबककडच्या मंडळात दमटपणाचा त्रास मोठा, येवला-मालेगावकडे धुळीचा, त्यामुळे कामाचा भर बदलेल. पण प्रत्येक पेटी उघडली जाते, प्रत्येक वस्तू वहीशी ताडून पाहिली जाते, आणि अख्खा संग्रह एकदा हाताखालून जातो. चिटणिसांना फोन करून एवढंच विचारा: “यंदा पेट्या कधी हलवताय?” आणि त्या दिवशी मास्क आणि जुने कपडे घालून हजर व्हा.